जुन्या मारुती ८०० चं एक्सलेटर जड झालंय? तेल घालण्याआधी दोष कुठे आहे ते पाहा

पेडल दाबलं की करकर आवाज येतो, पायाला जड लागतं आणि पाय काढला तरी गाडीची रेस लगेच उतरत नाही. कार्बोरेटरच्या जुन्या मारुती ८०० गाड्यांमध्ये ही तक्रार नेहमीची आहे. १९८३ मध्ये आलेल्या या गाडीचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, पण खेडोपाडी ती अजून धावते. आवाजाचं एक वेळ चालेल, पण रेस अडकून राहिली तर भर बाजारात अपघात होऊ शकतो. म्हणून हे काम पुढे ढकलू नये.

केबल काम कशी करते?
बाहेर नळी आणि आत तारेची दोरी, अशी ही केबल असते. पेडल दाबलं की तार ओढली जाते आणि कार्बोरेटरची झडप उघडते. पाय काढला की स्प्रिंग ती झडप बंद करते. नळीत धूळ-पाणी शिरलं, तारेला गंज चढला किंवा केबलला कुठे तीव्र वाक बसला, की तार घासायला लागते.

दोष कसा शोधायचा?
इंजिन बंद आणि थंड असू द्या. लागलं तर एअर फिल्टरचा डबा काढा. कार्बोरेटरकडचं केबलचं टोक सोडवा आणि झडप हाताने फिरवून बघा. झडपच जड असेल किंवा सोडल्यावर पटकन मिटत नसेल, तर दोष कार्बोरेटरचा किंवा स्प्रिंगचा आहे. झडप मोकळी असेल तर पेडलकडचंही टोक सोडवा. नुसतं पेडल हलवल्यावर करकर आली, तर पेडलची पिन कोरडी पडली आहे. तिथे थोडं ग्रीस पुरतं. दोन्ही ठीक असतील तर दोष केबलचाच.

दुरुस्ती की नवी केबल?
तारेचा एक जरी धागा तुटून बाहेर आला असेल, तर केबल बदलाच. तुटलेला धागा नळीत अडकतो आणि रेस चढलेलीच राहते. नळीच्या आत प्लास्टिकचं अस्तर असेल तर ग्रीस भरू नका. त्यात धूळ चिकटून केबल आणखी जड होते. अस्तर खराब झालं असेल तर नवी टाकणंच बरं. साधी केबल असेल तर ती उभी टांगा, वरच्या टोकाला प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून बांधा आणि त्यात पातळ तेल ओता. खालून स्वच्छ तेल ठिबकेपर्यंत तार वर-खाली करत राहा.

बसवताना काय बघायचं?
केबलला मोठा, सैल वळसा द्या. ती सायलेन्सरच्या गरम पाइपाला टेकता कामा नये. तारेत अगदी थोडा ढिलेपणा ठेवा. मग एकाने पेडल पूर्ण दाबावं आणि दुसऱ्याने झडप पूर्ण उघडते का ते पाहावं. पेडल सोडताच झडप ‘टक’ करून मिटली पाहिजे. इंजिन सुरू करून बघा. रेस आपोआप वाढायला नको.

चालत्या गाडीत रेस अडकली तर?
घाबरू नका. क्लच दाबून गाडी न्यूट्रल करा, ब्रेक मारत बाजूला घ्या आणि थांबल्यावर इंजिन बंद करा. चालत्या गाडीत किल्ली काढू नका, स्टेअरिंग लॉक होतं. केबल नीट होईपर्यंत ती गाडी रस्त्यावर काढू नये.