टाळे एका खोलीला, बंद सारा वाडा

पांढुर्णा जिल्ह्यातील लोधीखेडा हे गाव नागपूर-छिंदवाडा वाटेवर आहे. राज्य मध्य प्रदेश, कचेरीची भाषा हिंदी. पण घरात आणि भजनात मराठी. अशा गावी जुने नाट्यसंगीत ऐकावेसे वाटले, तर कोणाच्या तबकड्यांचे कपाट उघडावे? तेथील भजनी मंडळींना शिकवण्याचा योग आला तेव्हा कळले, की त्यांचे कपाट खिशातल्या मोबाईलमध्येच आहे. कोणा हौशी माणसाने चढवलेले जुने ध्वनिमुद्रण, कोणा गटाने जमवलेली पदे, एवढीच त्यांची पुंजी. म्हणून सरकारी हुकमाने लहान संकेतस्थळे बंद होतात, ही गोष्ट संगीताच्या माणसालाही परकी नाही.

सप्टेंबर २००३ मध्ये मेघालयातील ‘किनहुन’ या मूठभर सभासदांच्या याहू गटावर बंदीचा हुकूम निघाला. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांना तेवढाच गट वेगळा काढता येईना. मग देशात सगळेच याहू गट काही दिवस बंद झाले!

ऑगस्ट २०१७ मध्ये चित्रपटांच्या चोरट्या प्रती रोखण्यासाठी मद्रास उच्च न्यायालयाने आदेश दिले. त्यांतल्या यादीत अडीच हजारांहून अधिक संकेतस्थळे होती, आणि जुनी पुस्तके व तबकड्या जपणारे ‘इंटरनेट अर्काइव्ह’ही तीत सापडले. ते पुढे खुले झाले. संस्था मोठी, तिची तक्रार जगाने ऐकली. लहानाचे कोण ऐकणार?

गुन्ह्याला आवर घालू नये, असे कोणी म्हणणार नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ ने सरकारला तो अधिकार दिला आहे, आणि २०१५ साली श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. कारणे लेखी नोंदवावीत, असा दंडकही आहे. परंतु २००९ च्या नियमांत गुप्ततेची अट आहे. त्यामुळे बंद दार दिसते. टाळे कोणी व का लावले, ते दिसत नाही.

कोल्हापूरकरांना ‘विश्ववृत्त’ मासिक आठवत असेल. १९०८ मधील एका लेखावरून संपादक विष्णु गोविंद विजापूरकर यांच्यावर खटला झाला, त्यांनी कारावास भोगला. राजवट कठोर होती. पण आरोप उघड होता, आणि घरोघर पोचलेले अंक घरोघरच राहिले. संकेतस्थळाचे तसे नसते. पुढचा अंक थांबतोच, पण मागचे सारे अंकही त्याच क्षणी दिसेनासे होतात.

माझे वडील दरबारी गवई होते. दरबार मिटला, तरी त्यांच्या चिजा शिष्यांच्या गळ्यात राहिल्या. लहान संकेतस्थळाला बहुधा असा दुसरा गळा नसतो. म्हणून जे मोलाचे वाटेल ते रसिकांनी वेळीच उतरून ठेवावे. आणि सरकारला एवढेच सांगणे, की टाळे लावणे भागच असेल तर दोषी खोलीलाच लावावे, आणि दारावर हुकूम डकवावा.