टीबीच्या गोळ्या आणि माला-एन : आमच्या भगिनींना सांगणार कोण?

भाईंदर पूर्वेच्या स्टील भांड्यांच्या गाळ्यांत आणि मीरा-भाईंदरच्या चाळी-झोपडपट्ट्यांत राबणाऱ्या कष्टकऱ्यांना टीबी हा रोग नवा नाही. एका खोलीत सहा माणसे आणि हवेला वाट नाही, तिथे तो येणारच. टीबीची औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पाळणा लांबवण्यासाठी माला-एनही फुकट मिळते. परंतु या दोन्ही गोळ्या एकाच बाईच्या पोटात गेल्या तर काय होते?

आपल्या यकृतात आणि आतड्यांत सीवायपी३ए४ नावाचे एन्झाइम असते. ते तयार करणारे जनुक आपल्या सातव्या गुणसूत्रावर आहे. अनेक औषधांचा आणि हॉर्मोन्सचा निचरा करणे हे या एन्झाइमचे काम. टीबीवरचे रिफाम्पिसिन, ज्याने लघवी लालसर होते तेच औषध, या जनुकाला जोराने कामाला लावते. एन्झाइम वाढते आणि माला-एनमधले हॉर्मोन्स नेहमीपेक्षा लवकर संपतात. एकही दिवस न चुकवता गोळी घेऊनही दिवस जाऊ शकतात. दोष मात्र बाईलाच! "तूच विसरली असशील," असे घरचेच ऐकवतात.

ही गोष्ट वैद्यकशास्त्राला १९७०च्या दशकापासून ठाऊक आहे. जनुक कोणाची जात विचारत नाही. पण त्याविषयीची माहिती रांगेतल्या बाईपर्यंत पोहोचत नाही, हे आमचे दुखणे आहे.

१० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. बाबासाहेबांचे ते भाषण त्यांच्या अनुपस्थितीत पी. जे. रोहम यांनी मांडले. सभागृहाने ठराव फेटाळला. मूल केव्हा हवे हे ठरवण्याचा बाईचा हक्क बाबासाहेबांनी तेव्हा ओळखला होता. आज गोळी हातात आहे, पण तिच्याविषयीचे ज्ञान नसेल तर तो हक्क कागदावरच राहतो.

म्हणून भगिनींनो, टीबीच्या गोळ्या कदापि बंद करू नका. अर्धवट उपचाराने रोग औषधाला दाद देईनासा होतो. उपचार चालू असताना आणि रिफाम्पिसिन संपल्यावरही किमान चार आठवडे केवळ माला-एनवर विसंबू नका. तांबी किंवा निरोध यांवर या औषधाचा परिणाम होत नाही. तुमच्यासाठी काय योग्य, हे डॉक्टरांना आणि आशाताईंना निःसंकोच विचारा.

आणि आमची मागणी साधी आहे : टीबीचे औषध देताना प्रत्येक बाईला हे मराठीत, हिंदीत, तिला समजेल अशा भाषेत सांगितलेच पाहिजे. त्याला पैसा लागत नाही. तिला माणूस मानावे लागते.