पदवी आधी, तालीम नंतर : नारायण राजहंसांची किर्लोस्कर मंडळीतील आठ वर्षे

मराठी संगीत नटाच्या घडणीविषयी लिहिताना दैवी देणगीची भाषा फार लवकर वापरली जाते, आणि बालगंधर्व या नावाभोवती ती इतकी दाट जमली आहे की १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झालेल्या नारायण श्रीपाद राजहंस या सतरा वर्षांच्या मुलाने १९१३ पर्यंत तेथे केलेली उमेदवारी वाचकांच्या नजरेतून जवळजवळ सुटूनच जाते. या आठ वर्षांचा विचार करताना नाटक मंडळी ही संस्था समजून घ्यावी लागते. कारण मंडळी म्हणजे केवळ नटांचा संच नव्हे, तर एकाच बिऱ्हाडात राहणारे, एकाच पंगतीला जेवणारे आणि गावोगाव मुक्काम हलवणारे ते एक मोठे कुटुंब होते, ज्यात मालक-भागीदार, पगारी नट, साथीदार, तालीम मास्तर आणि शिकाऊ पोरे यांची उतरंड ठरलेली असे.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा प्रयोग झाला आणि त्यातून एक नवी नाट्यरीत रूढ झाली. पूर्वीच्या पौराणिक खेळांत गाण्याचा मुख्य भार सूत्रधारावर असे. किर्लोस्करांनी तो पात्रांवर टाकला. पात्राने भूमिकेच्या ओघात स्वतः गायचे गीत म्हणजे ‘पद’, आणि पदामुळे नट व गायक ही दोन माणसे राहिली नाहीत. त्यातच स्त्रियांच्या भूमिका पुरुषांनीच करायच्या, हा त्या काळाच्या प्रतिष्ठित मंडळ्यांचा दंडक असल्यामुळे प्रत्येक मंडळीला रूपवान, गोड गळ्याचा आणि कोवळ्या वयाचा मुलगा लागे. अशा नटाला ‘स्त्रीपार्टी’ म्हणत. मंडळीचे उत्पन्न त्याच्या गळ्यावर चाले, आणि नेमका तो गळाच सर्वांत बेभरवशाचा असे, कारण वयात येताना मुलाचा आवाज फुटतो आणि परत येईल तो कसा येईल हे कोणालाही सांगता येत नाही.

या धोक्याचे सर्वांत बोलके उदाहरण पुढे नारायणरावांचे गुरू झालेल्या भास्करबुवा बखल्यांचे आहे. १८६९ मध्ये जन्मलेले भास्करबुवा मुलगा असताना याच किर्लोस्कर मंडळीत होते आणि ‘रामराज्यवियोग’ नाटकात कैकेयीची भूमिका करीत. मंडळी इंदूरला असताना प्रसिद्ध बीनकार बंदे अली खाँ यांनी त्यांचे गाणे ऐकले आणि त्यांना गंडा बांधला, म्हणजे विधिपूर्वक शिष्य करून घेतले, अशी हकिकत संगीतक्षेत्रात सांगितली जाते. पण आवाज फुटला तशी मंडळीतली त्यांची किंमतही उतरली. त्यांनी रंगभूमी सोडली आणि बडोद्याचे फैज महंमद खाँ, आग्र्याचे नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांच्याकडे वर्षानुवर्षे विद्या घेतली. मंडळीने ज्याचा गळा गमावला तोच पुढे गवई होऊन तिच्या सर्वांत मोठ्या नटाला शिकवायला आला, हा योगायोग खरा. परंतु कोवळ्या गळ्यावर कितपत भिस्त ठेवावी हे त्यांच्याइतके स्वानुभवाने जाणणारा दुसरा शिक्षक मिळणेही अवघडच होते.

नारायणाचा जन्म २६ जून १८८८ चा. लहानपणीच त्याचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्याला ‘बालगंधर्व’ म्हटले, ही कथा सर्वश्रुत आहे. तिच्यात एक गोष्ट मात्र सहसा लक्षात घेतली जात नाही, ती ही की पदवी मिळाली तेव्हा रंगभूमीशी त्याचा काहीही संबंध नव्हता. इकडे किर्लोस्कर मंडळीचा आधारस्तंभ असलेले भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये वारले होते आणि त्यांची जागा रिकामी होती. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी या मुलात लक्ष घातले, त्याच्या कानात दोष होता त्यावर मिरजेला उपचार करवले आणि त्याला मंडळीत घेण्याविषयी शब्द टाकला. गायकाला कमी ऐकू येणे ही काही किरकोळ अडचण नव्हे, म्हणून राजाश्रयाचा हा भाग केवळ कौतुकापुरता धरून चालणार नाही. मिरजेलाच १९०५ मध्ये ‘शाकुंतल’मधील शकुंतलेच्या भूमिकेत तो प्रथम लोकांपुढे उभा राहिला.

गाणे होते, नटपण नव्हते. ते घडवण्याचे काम गोविंद बल्लाळ देवल यांच्याकडे आले. खुद्द किर्लोस्करांच्या हाताखाली तयार झालेले देवल हे ‘शारदा’ आणि ‘मृच्छकटिक’चे नाटककार म्हणून वाचकांना ठाऊक आहेत, पण मंडळीच्या दृष्टीने त्यांचे मोल तालीम मास्तर म्हणून अधिक होते. तालीम मास्तर म्हणजे आजच्या अर्थाचा दिग्दर्शक नव्हे. नेपथ्य आणि प्रकाश यांची मांडणी त्याच्या कामात फारशी येत नसे, तर वाक्य कोठे तोडावे, कोणत्या शब्दावर थांबावे, नजर कोठे असावी, लुगड्याचा पदर सांभाळत कसे बसावे, हे तो प्रत्येक नटाकडून घोटून घेई. देवलांचा आग्रह आक्रस्ताळ्या अभिनयाऐवजी स्वाभाविक बोलण्याचा होता. पद म्हणताना बोल स्पष्ट ठेवून भाव सांभाळायचा आणि तान मर्यादेत घ्यायची, ही नारायणरावांच्या गायकीची पुढे नावाजली गेलेली खूण बखल्यांच्या संगीताइतकीच देवलांच्या गद्य तालमीतून आली असावी, असे मानायला जागा आहे. शकुंतलेमागोमाग सुभद्रा, शारदा अशा ठरीव भूमिका त्यांना मिळत गेल्या, आणि भाऊरावांच्या आठवणी ताज्या असलेल्या प्रेक्षकांपुढे त्या उभ्या करणे म्हणजे रोजची परीक्षाच होती.

खरी कसोटी नव्या नाटकाने लागली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ १२ मार्च १९११ रोजी मुंबईत रंगभूमीवर आले. त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांनी ठुमरी-दादऱ्याच्या वळणाच्या दिल्या होत्या आणि भामिनीची भूमिका पूर्वी कोणीही केलेली नसल्यामुळे तुलनेला जुना नट नव्हता. त्याच दिवशी नारायणरावांची तान्ही मुलगी गेली आणि तरीही त्यांनी प्रयोग केला, ही घटना कलानिष्ठेचा दाखला म्हणून शंभर वर्षे सांगितली जात आहे. ती निष्ठा होतीच. पण एका बावीस वर्षांच्या नटावर एवढी मोठी मंडळी विसंबून असे आणि त्याच्या वैयक्तिक दुःखासाठी त्या व्यवस्थेत एका रात्रीचीही जागा काढणे कठीण असे, हेही त्या घटनेत दिसते, आणि गौरवाच्या भरात ते दडपले जाते.

पुढे चित्र झपाट्याने बदलले. नट-मालक नानासाहेब जोगळेकर १९११ मध्येच वारले, मंडळीत बेबनाव वाढला आणि ‘विद्याहरण’ हे नाटक आल्यानंतर थोड्याच अवधीत, जुलै १९१३ मध्ये, नारायणराव, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पगारी नट भागीदार झाला. ही वाट त्यांनी एकट्यानेच धरली असे नाही. कोल्हापूरचे केशवराव भोसले बालनट म्हणून गाजल्यावर १९०८ मध्ये, अवघ्या सतराव्या वर्षी, हुबळीला ‘ललितकलादर्श’ काढून बसले होते, आणि नारायणरावांच्या जाण्याने रिकाम्या झालेल्या किर्लोस्कर मंडळीत गोव्यातील मंगेशीहून आलेले पोरसवदा दीनानाथ मंगेशकरही १९१८ मध्ये बाहेर पडून ‘बळवंत संगीत मंडळी’चे भागीदार झाले. ज्याच्या गळ्यावर तिकिटे खपतात त्याने मालकीत वाटा मागावा, हे व्यवहाराला धरूनच होते; मात्र गाता गळा आणि हिशेबी डोके एका ठिकाणी क्वचितच नांदतात, याची किंमत नारायणराव आणि दीनानाथ या दोघांनीही पुढे कर्जाच्या रूपाने मोजली.

या सगळ्या इतिहासात माळव्याचा वाटा महाराष्ट्रातील वाचकाला वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. होळकरांचे इंदूर हा मंडळ्यांचा नेहमीचा मुक्काम होता आणि देवलांच्या ‘शारदा’चा पहिला प्रयोगही १८९९ मध्ये तेथेच झाला. शेजारच्या देवास आणि धार येथे पवारांची राज्ये होती. शाहू महाराजांची कन्या राधाबाई देवासच्या थोरल्या पातीचे राजे तुकोजीराव यांना दिलेली, म्हणजे बालगंधर्वांच्या आश्रयदात्याचे घराणे आणि देवासचा वाडा यांत सोयरिकच होती. मराठी मात्र वाडे, कचेऱ्या आणि शहरातील पेठा यांच्यापुरतीच राहिली. देवास जिल्ह्यातील पीपलरावांसारख्या गावांत बोली माळवीच, त्यामुळे संवादांवर उभे असलेले मराठी नाटक तेथवर पोचण्याचा संभव थोडा. गाण्याला भाषेची ही अडचण तितकी नडत नाही.

त्याच देवासला जानेवारी १९४८ मध्ये क्षयाच्या उपचारासाठी कुमार गंधर्व येऊन राहिले. बेळगावजवळच्या सुळेभावीचे कुमार, मूळ नाव शिवपुत्र कोमकळी, हेही पोरवयातच ‘गंधर्व’ म्हणवले गेलेले आणि नंतर मुंबईत बी. आर. देवधरांकडे शिकून मग स्वतःची वाट शोधणारे गायक असल्यामुळे, आधी कीर्ती आणि मागून विद्या हा क्रम त्यांना परका नव्हता. आजारातून उठल्यावर माळवी लोकगीतांचा अभ्यास करणाऱ्या या गायकाने १९६५ मध्ये ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम सादर केला, तेव्हा नारायणराव हयात होते; १५ जुलै १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. रंगभूषा, लुगडे, नेपथ्य यांतले काहीही नसताना केवळ बैठकीत बसून कुमारांनी ती पदे मांडली, आणि बालगंधर्वांची नक्कल करणाऱ्यांची त्या काळी मुळीच वाण नसताना त्यांनी नक्कल न करता लय, शब्दोच्चार आणि स्वराचा लगाव यांचा उलगडा केला. भास्करबुवा आणि देवल यांनी एका किशोराकडून घोटून घेतलेली तालीम हा स्वतंत्रपणे अभ्यासण्याचा विषय आहे, हे नाट्यसमीक्षकांच्या लेखांपेक्षा देवासच्या या गवयाच्या मैफलीने अधिक स्पष्टपणे दाखवले.