दहा जणांचा एक प्रबंध

अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात जेमस्टोन नावाचा चार वर्षांचा ऑनर्स अभ्यासक्रम आहे. त्याची पहिली तुकडी १९९६ साली दाखल झाली. कल्पना विल्यम डेस्लर यांची, तेव्हा ते तिथे अभियांत्रिकीचे अधिष्ठाता होते. या अभ्यासक्रमात प्रबंध एकट्याने लिहायचा नसतो. जीवशास्त्र, संगणक, अर्थशास्त्र, इतिहास अशा निरनिराळ्या शाखांतली दहा-बारा मुले एक संघ करतात, एक प्रश्न हाती घेतात आणि पदवी मिळेपर्यंत तो सोडत नाहीत.

ऑनर्सच्या परंपरेत हे नवल होते. ऑक्सफर्डमध्ये साधी पदवी घेणारे वेगळे आणि एका विषयात खोल उतरणारे ऑनर्सवाले वेगळे, अशी विभागणी जुनी आहे. तिथे शिकून आलेले फ्रँक एडलॉट पेनसिल्व्हेनियातील स्वॉर्थमोर कॉलेजचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी १९२२ साली ही पद्धत तिथे सुरू केली. छोटी चर्चासत्रे, स्वतंत्र वाचन आणि शेवटी बाहेरून आलेले परीक्षक, असे तिचे स्वरूप होते. चर्चा चारचौघांत झाली तरी परीक्षकांपुढे ज्याने त्याने एकट्यानेच उभे राहायचे. हुशारी ही एकट्याची मिळकत, हे गृहीतक त्यामागे होते. भारतातला ‘ऑनर्स’ हा शब्दही बराच काळ त्याच अर्थाने चालला.

जेमस्टोनचे पहिले वर्ष प्रश्न शोधण्यात जाते. विषय मुलेच सुचवतात, त्यांची छाननी होते आणि उरलेल्या विषयांभोवती संघ जमतात. दुसऱ्या वर्षी संशोधनाचा आराखडा, पुढे प्रयोग आणि माहितीचे संकलन, शेवटच्या वर्षी तज्ज्ञांच्या मंडळापुढे प्रबंधाची मांडणी. प्रत्येक संघाला एक मार्गदर्शक असतो आणि एक ग्रंथपालही नेमून दिलेला असतो. ही दुसरी सोय किरकोळ वाटते, पण आधी कोणी काय करून ठेवले आहे हे न पाहता दहा उत्साही मुले कामाला लागली, तर वर्ष वाया जायला वेळ लागत नाही.

संशोधनाला उत्तर लागते. डिझाइनला वापरणारा माणूस लागतो. हा फरक पर्ड्यू विद्यापीठातल्या ‘एपिक्स’ या उपक्रमात चांगला दिसतो. एडवर्ड कॉयल आणि लिआ जेमिसन यांनी तो १९९५ साली सुरू केला. तो काही फक्त ऑनर्सच्या मुलांसाठी नाही, पण संघाने डिझाइन शिकवण्याच्या पद्धतीवर त्याची छाप मोठी आहे. २००५ साली या दोघांना आणि विल्यम ओक्स यांना अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीचे गॉर्डन पारितोषिक मिळाले. इथे प्रत्येक संघाचा एक खराखुरा ग्राहक असतो: एखादी शाळा, सेवाभावी संस्था, अपंग मुलांसाठी काम करणारे केंद्र. समजा, मूठ न वळणाऱ्या मुलासाठी खेळणे करायचे आहे. पहिली कल्पना बहुधा मोठ्या बटणाची निघते. केंद्रात जाऊन पाहिल्यावर कळते की मूल हात उचलतच नाही, मान मात्र वळवते. मग बटण जाते आणि डोक्याशी लावायची कळ येते. गरज ठरवणे, तपशील लिहिणे, कच्चा नमुना करणे, तो मोडताना पाहणे आणि पुन्हा मागे जाणे, असा हा फेरा असतो. पुस्तकात तो सरळ रेषेत छापलेला असतो, एवढेच.

अडचण यंत्रापेक्षा माणसांचीच अधिक येते. संघ कोणी निवडायचा? मुलांवर सोपवले की मित्र मित्रांना घेतात आणि हुशार हुशारांना. रिचर्ड फेल्डर, बार्बरा ओक्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली लिहिलेल्या एका लेखात शिक्षकाने संघ करावेत, असा स्पष्ट सल्ला आहे. ज्या वर्गात मुली थोड्या, तिथे त्यांना एकेक करून वाटून टाकू नये, असेही त्यात सांगितले आहे. एकटी पडलेली मुलगी बहुधा टिपणे लिहिण्याच्या कामालाच जुंपली जाते. हे दृश्य आपल्याकडच्या प्रयोगशाळांनाही परके नाही.

दुसरा प्रश्न गुणांचा. सगळ्यांना सारखे गुण दिले की एकाने राबायचे आणि बाकीच्यांनी नाव लावायचे, हे ठरलेलेच. म्हणून सहकाऱ्यांनी एकमेकांचे मूल्यमापन करायचे आणि त्यावरून संघाचे गुण कमीजास्त करायचे, ही रीत रूढ झाली. संघाला ८० गुण मिळाले आणि एखाद्याचे मूल्यमापन सरासरीपेक्षा दहा टक्के खाली आले, तर त्याला ७२. ‘कोण हुशार’ असे विचारायचे नाही. ठरल्या वेळी आला का, कबूल केलेले काम केले का, एवढेच विचारायचे. तरीही मैत्रीखातर सगळ्यांना पैकीच्या पैकी देणारे संघ निघतातच. त्यामुळे मूल्यमापन वर्षाअखेरी एकदाच न करता मध्येही करावे लागते, म्हणजे सुधारायला वाव राहतो.

प्रकल्प पदवीपेक्षा लांबला की तिसरी अडचण उभी राहते. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील (सीओईपी) विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ हा जेमतेम एक किलोचा उपग्रह बनवला. काम २००८ च्या सुमारास सुरू झाले आणि पीएसएलव्ही-सी३४ या अग्निबाणातून तो २२ जून २०१६ रोजी अवकाशात गेला. सुरुवात करणारी मुले तोवर केव्हाच नोकरीला लागलेली. अशा कामात वरच्या वर्गाने खालच्याला हाताशी धरून शिकवावे लागते आणि प्रत्येक निर्णयाची कारणासकट नोंद ठेवावी लागते. अमुक चुंबक का निवडला, हे वहीत नसेल तर पुढची तुकडी तीच चाचणी नव्याने करते.

एपिक्समध्येही हीच रीत आहे. पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंतचे विद्यार्थी एकाच संघात असतात आणि एकेक जण अनेक सत्रे टिकतो. वस्तू ग्राहकाच्या हाती दिली की काम संपत नाही. दुरुस्ती त्याच संघाकडे येते आणि वस्तू जुनी झाली की ती रीतसर परत घेण्याचा टप्पाही आराखड्यात असतो. ते काम करणाऱ्या मुलांनी ती वस्तू बनवणाऱ्यांना कित्येकदा पाहिलेलेही नसते.