अंतरालांच्या झाडाची तीन दशकं

चिखली तालुक्यात सोयाबीन निघालं की थ्रेशरवाल्याला उसंत नसते. चार-पाच यंत्रं भाड्याने देणाऱ्याकडे एका दिवसाच्या चार नोंदी आहेत असं धरू : ६ ते ९, ७ ते १३, १० ते १२ आणि १५ ते १८. दुपारी १३:३० ते १४:३० या वेळेत कुठलं यंत्र गुंतलंय? चार नोंदी नजरेखालून घालता येतात, लाखभर असल्या तर काय करायचं?

अशा वेळी नोंदी झाडाच्या आकारात मांडतात. १९७७ मध्ये जॉन बेंटली यांनी एकमेकांवर आलेल्या आयतांचा प्रश्न सोडवताना ‘सेगमेंट ट्री’ मांडला. १९८० मध्ये हर्बर्ट एडेल्सब्रुनर आणि एडवर्ड मॅक्क्रेट यांनी स्वतंत्रपणे ‘इंटर्व्हल ट्री’, म्हणजे अंतरालांचं झाड, शोधला. विद्यार्थ्यांच्या हाती मात्र त्याचं सोपं रूप आलं, ते कॉर्मेन, लायझरसन आणि रिव्हेस्ट यांच्या १९९० च्या पाठ्यपुस्तकातून. नोंदी सुरुवातीच्या वेळेनुसार लावायच्या आणि झाडाच्या प्रत्येक गाठीवर, म्हणजे नोडवर, त्याच्यासकट खालच्या सगळ्या नोंदींतली सर्वांत उशिराची अखेर लिहून ठेवायची.

आपल्या झाडात मुळाशी १० ते १२, डावीकडे ७ ते १३ व त्याखाली ६ ते ९, उजवीकडे १५ ते १८. डाव्या फांदीवर लिहिलंय १३. प्रश्न १३:३० पासूनचा, म्हणजे ती अख्खी फांदी न उघडताच सुटली. मुळाची नोंद १२ लाच संपली आणि उजवीकडचं काम १५ ला सुरू होतं. त्या वेळेत सगळी यंत्रं मोकळी!

ही युक्ती खरी रुजली ती फंक्शनल प्रोग्रॅमिंगमध्ये, असं माझं ठाम मत आहे. नेहमीच्या पद्धतीत झाडाचा तोल सावरताना नोड फिरवले की तो आकडा आठवणीने बदलावा लागतो. विसरलात तर उत्तर गुपचूप चुकतं. हॅस्केल या फंक्शनल भाषेत नोड बदलतच नाही, नवा घडतो. घडवणारं फंक्शन एकच ठेवलं, की प्रत्येक नोड आपला आकडा घेऊनच जन्मतो. १६ ते २० ही नोंद घाला : मूळ, १५ ते १८ आणि नवी नोंद एवढे तीनच नोड नव्याने बनतात, डावी फांदी दोन्ही झाडांत सामायिक राहते. सातबाऱ्यावर जुनं नाव कंसात राहायचं, तसं जुनं झाडही शाबूत. ख्रिस ओकासाकी यांच्या १९९८ च्या पुस्तकाने या शैलीला शिस्त दिली.

२००६ मध्ये राल्फ हिन्झे आणि रॉस पॅटरसन यांनी ‘फिंगर ट्री’ मांडला. त्यात नोडवर काय लिहायचं हे वापरणारा ठरवतो : खालच्या नोंदींची संख्या लिहा, हव्या त्या क्रमांकाची नोंद सापडते, सुरुवात आणि उशिराची अखेर लिहा, तेच झाड अंतरालांचं होतं.