सोनोग्राफी अहवालातील ‘गाठी’ : पारिभाषिक संज्ञा आणि लोकव्यवहार

जळगाव किंवा धुळे येथील सोनोग्राफी केंद्रातून मिळणारा अहवाल सामान्यतः इंग्रजीत असतो. चोपडा, शिरपूर वा साक्रीहून आलेल्या स्त्रीपर्यंत त्याचा आशय तोंडी मराठीतून आणि पुढे घरी अहिराणी वा लेवा बोलीतून पोहोचतो. या प्रवासात ‘पॉलिसिस्टिक ओव्हरी’चे भाषांतर पुष्कळदा ‘अंडाशयात गाठी’ असे होते. ते का चुकते, हे या उपघटकात पाहू.

१. वस्तू
सोनोग्राफीत श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनींपासून प्रतिमा तयार होते. द्रवातून प्रतिध्वनी येत नाही. म्हणून द्रवाने भरलेल्या पोकळ्या पडद्यावर काळ्या दिसतात. अंडाशयातील अशा सूक्ष्म पोकळ्या म्हणजे पुटके. प्रत्येक पुटकात एक अपक्व स्त्रीबीज असते. एरवी दर पाळीचक्रात त्यांपैकी बहुधा एकच पूर्ण वाढते व त्यातून बीज बाहेर पडते. संप्रेरकांचा तोल ढळला, की वाढ मध्येच थांबते आणि लहान पुटके अंडाशयाच्या कडेने माळेतील मण्यांसारखी साठतात.

२. संज्ञा
शिकागो येथील स्टाइन व लेव्हेंथाल या डॉक्टरांनी १९३५ मध्ये या विकाराचे वर्णन केले. नावातील ‘सिस्ट’ हा शब्द सोनोग्राफी येण्यापूर्वीचा आहे. तो पुढेही टिकला. मराठीत ‘गाठ’ म्हटले, की वाढणारी, कापून काढावी लागणारी वस्तू डोळ्यांपुढे येते. कर्करोगाची शंकाही येते. येथे मात्र काढून टाकण्याजोगे काही नसते. विवाहाची बोलणी चालू असलेल्या मुलीच्या घरी हा एक शब्द अकारण भीती निर्माण करतो.

३. निकष
२००३ च्या रॉटरडॅम निकषांनुसार एका अंडाशयात २ ते ९ मिलिमीटर व्यासाची १२ वा अधिक पुटके किंवा १० मिलिलिटरहून अधिक आकारमान, ही खूण मानली गेली. यंत्रे सुधारल्यावर २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने ही संख्या २० केली. पोटावरून केलेल्या तपासणीत पुटके मोजणे कठीण असल्याने आकारमानावर भर देतात. परंतु केवळ या खुणेवरून निदान होत नाही. अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य आणि अंडाशयाचे हे रूप, या तिन्हींपैकी दोन आढळावी लागतात व तत्सम अन्य विकार नाहीत याची खात्री करावी लागते. पहिल्या पाळीपासून आठ वर्षांपर्यंत निदानासाठी सोनोग्राफीवर विसंबू नये, कारण त्या वयात अनेक पुटके दिसणे स्वाभाविक असते.

४. पर्यायी वाक्य
‘तुमच्या अंडाशयात गाठी आहेत’ याऐवजी ‘तुमच्या अंडाशयात अपक्व बीजांची लहान पुटके अधिक दिसतात, निदानासाठी पाळीची माहिती व रक्ततपासणीही पाहावी लागेल’ असे म्हणता येईल. वाक्य लांबले, पण त्यात दिसलेली खूण आणि रोगाचे निदान यांतील भेद राखला गेला.

स्वाध्याय : आपल्या बोलीत ‘गाठ’ या शब्दाचे कोणकोणते अर्थ आहेत, ते लिहा. वरील पर्यायी वाक्य त्या बोलीत मांडा.