तबकडीची दुसरी बाजू

गाजलेल्या गाण्यांना आपल्या आठवणीची गरज नसते. 'गीतरामायणा'चेच पाहा ना! १९५५ साली, १ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी पुणे केंद्रावरून ते सुरू झाले. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली, आणि गाणी ५६. पुढे ती पुस्तकात आली, घराघरांत टिकली. पण त्याच रेडिओवर लागणारी धाकटी, बिननावाची गाणी गेली कुठे?

७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एकेका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. एक बाजू गाजे; दुसरी तिच्या पाठीला पाठ लावून मुकाट फिरे. मुंबई केंद्राच्या 'आपली आवड'मध्ये श्रोत्यांची फर्माईश यायची तीही बहुधा गाजलेल्या बाजूचीच. ज्यांची तबकडीच निघाली नाही, ती गाणी तर हवेतच विरली.

विरली म्हणावे, तर आमच्या पनवेलच्या घरी माझी आत्या तांदूळ निवडताना लहानपणी रेडिओवर ऐकलेले असेच एक गाणे गुणगुणत असे. कवी कोण, गायिका कोण, तिलाही ठाऊक नव्हते. "आत्या, एकदा लिहून घेतो हं," असे मी, मराठीचा मास्तर, दर दिवाळीला म्हणत राहिलो.

यंदा फराळाला आत्या नाही. मला पहिले कडवे येते. दुसरे तिच्याबरोबर गेले.

वाचकहो, तुमच्या घरी कुणी वडीलधारे असे काही गुणगुणत असेल, तर लक्ष्मीपूजन आटोपताच वही घेऊन त्यांच्यापाशी बसा.